कुणाचं भांडं, कुणाचा हात

भट्टी उघडल्यावर कुणाचं भांडं कुठलं, हे मला बुडाला कोरलेलं नाव न बघता सांगता येतं. यात माझी हुशारी काही नाही. मुलुंडला एलबीएस मार्गालगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, भांडुपहून लोक आपापली कच्ची भांडी घेऊन येतात आणि मी ती भाजून देते. घरात चाक ठेवता येतं, गॅलरीत माती मळता येते, पण भट्टीला थ्री फेज वीज लागते. बाराशे अंशांवर जाणारी पेटी वन बीएचकेत आणायची म्हटली तर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच गाठतात. त्यामुळे उपनगरांतल्या सिरॅमिकवाल्यांची बरीच गुपितं माझ्या गाळ्यातून जातात. कुणाचं झाकण कधीच बसत नाही, कोण कुणाच्या ग्लेझची चौकशी करतंय, 'स्वतः घडवलेला' म्हणून विकलेला मग प्रत्यक्षात कुणी घडवलाय. (हे शेवटचं मी सांगत नाही. आताही सांगणार नाही.)

कलाकाराला 'तुमची शैली कशी सापडली' असं विचारलं की उत्तरात आजीचं अंगण येतं, कोकणातला पाऊस येतो, नाहीतर थेट हिमालय. मी पाहिलेल्या शैली मात्र बऱ्याचदा माझ्या दरपत्रकातून, लोकलच्या गर्दीतून आणि बिल्डिंगच्या लिफ्टमधून निघाल्या आहेत. आणि गिऱ्हाईक जिथून येईल असं वाटत होतं, तिथून ते क्वचितच आलं.

बोरिवलीच्या काकांचंच घ्या. बँकेतून निवृत्त झाले आणि चाकावर बसले. तेव्हा आम्ही शेल्फवरच्या जागेचे पैसे घ्यायचो. भांड्याने जितकी जागा अडवली तितकं भाडं, उंचीचा हिशोब नाही. काकांचं आयुष्य आकड्यांत गेलेलं, त्यांनी ही पळवाट लगेच हेरली. वाडगे आणि थाळे बंद झाले, हातभर उंच, मनगटाएवढ्या जाडीच्या बाटल्या येऊ लागल्या. चाकावर माती इतकी उंच ओढणं सोपं नसतं. वरची भिंत पातळ झाली की खालची दमते, भांडं मध्येच पिळवटतं. काकांना ती माती परत मळायचा कंटाळा, म्हणून पिळवटलेल्या बाटल्या ते तशाच सुकवायचे. हळूहळू त्या पिळाला एक ऐट आली.

पार्ल्यातल्या एका ग्राहक पेठेत एका आर्किटेक्ट बाईंनी त्यातल्या तीन बाटल्या उचलल्या आणि काकांना म्हणाल्या, "यात तुम्ही मुंबईचे टॉवर पकडलेत. जागेची टंचाई आणि वर जायची धडपड." काकांनी गंभीरपणे मान डोलावली. रात्री मला फोन. "अहो, टंचाई होतीच की. तुमच्या शेल्फची!" पुढे आम्ही दर बदलले, उंचीसकट पैसे घेऊ लागलो. काकांचं बिल फुगलं. पण बाटल्या उंचच राहिल्या, कारण एव्हाना लोक 'ते उंच बाटल्यांवाले' असं म्हणत त्यांना शोधत यायला लागले होते. त्यांनी मध्ये एकदा वाडगे करून पाहिले. विकत घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे तुमच्या मिसेस करतात का?"

अंधेरीच्या मुलीची गोष्ट मेट्रोतली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 2014 मध्ये सुरू झाली आणि पश्चिमेच्या कुंभारकाम करणाऱ्यांना माझा गाळा एकदम जवळ आला. अंधेरीहून घाटकोपर, तिथून स्लो लोकलने मुलुंड. कच्चं भांडं अगदी कोरडं झालं की सगळ्यात नाजूक असतं. घाटकोपरच्या पुलावर संध्याकाळी कुणाचा एक कोपर लागला की कपाचे कान जागच्या जागी सुटतात. तिचे कान इतके सुटले की तिने कान लावणंच सोडलं. शिवाय ती भांडी पूर्ण सुकू न देता, किंचित ओलसर असतानाच आणू लागली. त्या अवस्थेत माती जरा दम धरते.

एकदा मेट्रोच्या तपासणीत सुरक्षारक्षक बाईंना तिच्या खोक्याचा संशय आला. स्कॅनरवर गोल गोल काहीतरी दिसत होतं. खोकं उघडायला लावलं. "हे काय?" कप. "असे मऊ का?" आणि बाईंनी खात्री करायला एका कपात अंगठा दाबला. चांगला खोल दाबला. पोरगी रडकुंडीला येऊन गाळ्यात आली, तो कप फेकून देणार होती. आमच्याकडे भट्टी भरायला येणारे काका धारावीच्या कुंभारवाड्यातले. त्यांच्या आजोबांची पिढी सौराष्ट्रातून आलेली, हातात पिढ्यांची माती. त्यांनी कप घेतला, त्या खळग्यात आपला अंगठा बसवला आणि म्हणाले, "बेन, इसको कान का क्या काम है?" कप भाजला. आज तिच्या प्रत्येक कपाला तो खळगा असतो, आणि त्याला 'एर्गोनॉमिक' म्हणतात. घाटकोपरच्या एका गिऱ्हाइकाच्या सासरेबुवांनी मात्र तक्रार केली की उकळता चहा ओतला की बोट भाजतं. मग तिने भिंत जाड केली आणि जोडीला बशी दिली. आता त्या घरात तिच्या बशा जास्त वापरात आहेत.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं, पण यामागे एक साधी गोष्ट आहे. माणूस अडचणीवर एक तोडगा काढतो, तो तोडगा पुन्हा पुन्हा वापरतो, आणि कधीतरी अडचण संपली तरी तोडगा हातात राहतो. तिथून पुढे तो त्या माणसाचा. अडचणच नसेल तर काय होतं, हेही मी पाहिलंय. मध्ये एक लाट आली होती, पांढऱ्या मॅट ग्लेझवर तपकिरी ठिपके. मातीत लोहयुक्त खनिजाचे दाणे मिसळले की ते भाजताना ग्लेझमधून वर येतात, की झाले ठिपके. फोटोत फार सुरेख दिसतात. मग माझी अख्खी भट्टी ठिपक्यांची. अंधेरीचे ठिपके, मुलुंडचे ठिपके, ठाण्याहून आलेले ठिपके. सगळ्यांच्या तोंडी तेच जपानी शब्द. त्या काळात मला प्रत्येक कप उलटा करून बुडाचं नाव वाचायला लागायचं. कुंभारवाड्याचे काका भट्टी रिकामी करताना म्हणाले, "सब एक ही घर के बच्चे लगते हैं." ज्यांनी ठिपक्यांवर धंदा उभारला होता, त्यांना पुढे मोरबीकडच्या कारखान्यांचा साच्यातला ठिपकेवाला माल स्वस्तात पडलेला दिसला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. त्यात गिऱ्हाइकाचं काय चुकलं?

माझी भट्टी विजेची. हीसुद्धा एक मर्यादाच. विजेच्या भट्टीत हवा खेळती असते, म्हणून तांबं घातलेलं ग्लेझ हिरवं होतं आणि लोखंडाचं मधाळ-तपकिरी. तेच तांबं गॅसच्या भट्टीत प्राणवायू तोडून भाजलं तर रक्तासारखं लाल होऊ शकतं, आणि चिमूटभर लोखंडाचा होतो तो फिकट हिरवा सेलाडॉन. उपनगरातल्या फ्लॅटवाल्यांना तो लाल रंग मिळत नाही. दर वर्षी कुणीतरी नवीन येतं, पुस्तकातला लाल दाखवतं, आणि मी सांगते, "दहिसरच्या पुढे जा."

म्हणजे भाईंदरला. तिथे ब्रह्मदेव राम पंडित यांचा स्टुडिओ आहे. बिहारच्या कुंभार घरातला हा माणूस मुंबईला आला, चाक सोडलं नाही, आणि 2013 मध्ये पद्मश्री झाला. पत्नी देवकी आणि मुलगे शैलेश, अभय याच कामात. आमच्या वर्तुळात पंडितजींचं नाव निघालं की गप्पा पटकन आगीकडे वळतात. किती तापमान, किती वेळ, कुठल्या टप्प्यावर हवा कोंडायची. मला मात्र त्यांच्याबद्दल वेगळंच कौतुक वाटतं. कुंभाराच्या घरात जन्मलेल्याला 'पारंपरिक कारागीर' म्हणून एका कोपऱ्यात बसवणं फार सोपं असतं, आणि आर्ट स्कूलमधून आलेल्याला 'कलाकार' म्हणणं तितकंच सोपं. पंडितजी पहिल्या रांगेतून आले आणि स्टुडिओ पॉटर म्हणून उभे राहिले. अभय तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. एकाच घरात दोन्ही रांगा.

जे. जे.वरून आठवलं. मुंबईत 'शैली कुणाची आणि गिऱ्हाईक कुठलं' हा घोळ आजचा नाही. 1857 मध्ये सुरू झालेल्या या शाळेत जॉर्ज टेरी नावाचे इंग्रज शिक्षक होते. 1870 च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने तिथे ग्लेझ केलेली भांडी होऊ लागली. ग्लेझची धाटणी सिंधमधल्या कुंभारांची, निळी-हिरवी. आणि नक्षी? 1872 पासून याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते, ती अजिंठ्याची नक्षी भांड्यांवर उतरली. सिंधचा रंग, अजिंठ्याची वेलबुट्टी, मुंबईचे हात आणि गिऱ्हाईक बरंचसं इंग्रज दिवाणखान्यातलं. पुढे टेरींच्या स्वतःच्या कारखान्याचं नाव होतं 'वंडरलँड'. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी आहेत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येही आहेत. ग्रिफिथ्सच्या चमूने केलेल्या नकलांपैकी बऱ्याच 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. भांडी काय, आधीच आगीतून जाऊन आलेली.

मी गाळ्यात नवीन आलेल्यांना एकदा तरी भायखळ्याला पाठवते. एक जण परत येऊन म्हणाला, "हे तर फ्युजन आहे." हो बाबा. पण नीट बघ, अजिंठ्याच्या भिंतीवरची वेल बरणीच्या पोटावर आली की तिला वळावं लागतं, खांद्यापाशी आवळावं लागतं. ते वळवणं ज्याने केलं, त्याचा हात तिथे दिसतो. बाकी सगळं उसनं असलं तरी.

उसन्यावरून पुण्याच्या निर्मला पटवर्धन आठवतात. त्यांचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' हे पुस्तक आमच्या गाळ्यात आहे. खरं तर त्याची झेरॉक्स आहे, आणि तिच्यावर इतकी माती बसलीय की काही पानं आता ग्लेझ करायच्या लायकीची झालीत. बाईंनी ग्लेझच्या कृती उघड्या करून ठेवल्या, इतके टक्के हे, इतके टक्के ते. आमच्याकडे मात्र कृती लपवायची हौस फार. एका बाईंच्या वहीला चक्क कुलूप होतं. त्यांना संशय होता की भांडुपच्या एका मुलाने त्यांचं निळं चोरलंय. त्या पोराने निमूटपणे पटवर्धन बाईंचं पान उघडून दाखवलं. दोघांचं मूळ तेच पान! मग मी दोघांची भांडी एकाच भट्टीत, एकाच शेल्फवर शेजारी शेजारी लावली. बाई ग्लेझमध्ये भांडं बुडवायच्या, झटकायच्या आणि ठेवायच्या. मुलगा ब्रशने थर चढवायचा, तोही हात भरून. बाईंचं निळं शांत, सपाट उतरलं. त्याचं ओघळलं, कडेला पांढुरकं झालं, आणि एक भांडं शेल्फला चिकटलं, ते छिन्नीने सोडवावं लागलं. कुलूप त्यानंतर दिसलं नाही. मुलाने ओघळ सोडला नाही. आता तो भांड्याच्या बुडाशी मुद्दाम रुंद काठ काढतो, ओघळ तिथे येऊन थांबतो, आणि गिऱ्हाईक त्या थेंबासाठी पैसे मोजतं.

मांजरांचा किस्साही असाच. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट यांची मातीची मांजरं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको. गुबगुबीत, डोळे मिटलेली, आळस भरलेली. 2020 मध्ये ज्योत्स्नाबेन गेल्या, आणि टाळेबंदी उठल्यावर माझ्या गाळ्यात मांजरांची रांग लागली. श्रद्धांजली म्हणून असेल, किंवा घरी बसून सगळ्यांनी इन्स्टाग्रामवर तेच फोटो पाहिले म्हणून असेल. सगळी मांजरं ज्योत्स्नाबेनची, आणणाऱ्याचं एकही नाही. त्यात एक मात्र कान फाटलेलं, पाठीची कमान केलेलं, चिडकं निघालं. ते भांडुपच्या एका बाईंच्या बिल्डिंगमधलं. वॉचमनच्या खुर्चीखाली राहणारं, मासेवाली आली की तिच्या पाटीभोवती फिरणारं. बाईंनी मग त्या मांजराचीच मालिका केली. खुर्चीखालचं, मीटरच्या पेटीवरचं, दुसऱ्या बोक्याशी भांडून आलेलं. पहिलं विकत घेतलं कुणी? त्याच बिल्डिंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्यांनी. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की "हा आमचा बाळ्या आहे."

गिऱ्हाईक. आता या विषयावर मी जरा मोकळी होते. काळा घोड्याला, जहांगीरला प्रदर्शन व्हावं हे प्रत्येकाच्या मनात असतं, आणि असावंही. पण तिथल्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि तोवर घरात भांडी साठत जातात. पलंगाखाली, माळ्यावर, फ्रिजच्या डोक्यावर. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना खरं गिऱ्हाईक मिळालं ते हळदीकुंकवात.

मुलुंड पूर्वेच्या एका काकूंनी संक्रांतीच्या वाणाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी मातीच्या छोट्या वाट्या द्यायच्या ठरवल्या. शेजारची मुलगी असं काहीतरी करते हे त्यांना माहीत होतं, म्हणून तिला सांगितलं. मुलगी नाराज. आर्ट स्कूलमधून आलेली, वाण म्हणजे तिला अपमान वाटला. पण पैसे रोख होते. तिने वाट्या केल्या, आणि कंटाळून प्रत्येकीत तळाशी वेगळं काहीतरी कोरलं. एकीत तीळ, एकीत पतंग, एकीत लोकलची खिडकी. रथसप्तमीपर्यंत त्या वाट्या मुलुंडभर पसरल्या. एकेका घरात मीठ, एकेका घरात देवापुढचं कुंकू, कुठे लहान मुलाचा मऊ भात. वाटी रिकामी झाली की तळाचं चित्र दिसायचं. मग बायकांचे फोन. "माझ्यात पतंग आलाय, नणंदेला खिडकी मिळाली. मला पण खिडकी हवी." प्रदर्शनात माणूस भांडं दोन मिनिटं बघतो. वाण रोज हातात येतं. आज त्या मुलीच्या कामाची ओळख म्हणजे रिकामं झाल्यावर दिसणारं तळाचं चित्र, आणि ते तिने एका वेगळ्या शहरातल्या गॅलरीतही मांडलंय. गॅलरीतल्या पाटीवर वाणाचा उल्लेख नव्हता. मी तिला त्याबद्दल बोलले. तिने पुढच्या वेळी घातला.

वाण म्हणजे खाण्याची भांडी, आणि तिथे माझा एक नियम आहे. ग्लेझवर रात्रभर लिंबाची फोड ठेवायची. सकाळी त्या जागी रंग उडालेला किंवा चमक गेलेली दिसली, तर ते भांडं शोभेचं. लोणच्याला ते देऊ नका. आपल्याकडे चिनी मातीच्या बरणीत मीठ, लिंबू, मोहरी महिनोन्महिने बसते. त्या जुन्या पांढऱ्या-तपकिरी बरण्यांचं ग्लेझ मजबूत असायचं ते उगाच नाही. गंमत म्हणजे तशीच बरणी करून द्या म्हणून आजही लोक येतात, आणि कलाकार नाक मुरडतात. घाटकोपरच्या एका पोराने नाक मुरडलं नाही. त्याने बरणीचा आकार तोच ठेवला, झाकणावर मात्र छोटी वाटी बसवली, लोणचं काढायचा चमचा ठेवायला. त्याची यादी दिवाळीपर्यंत भरलेली असते.

अंधेरी-गोरेगावकडची गिऱ्हाइकं वेगळीच. मालिकांची आर्ट डिपार्टमेंट्स. एकदा एका मालिकेला भांडणाच्या प्रसंगात फोडायला फुलदाणी हवी होती, आणि रीटेक धरून एकसारख्या अनेक हव्या होत्या. अशा कामाला सहसा प्लास्टर वापरतात, पण दिग्दर्शकाला 'खरा आवाज' हवा होता. आमच्यातल्या एकीने काम घेतलं. फुलदाण्या तिने मुद्दाम कमी तापमानावर भाजल्या, म्हणजे सहज फुटतील आणि तुकडे फार धारदार होणार नाहीत. पहिल्याच टेकला नायिकेने फेकली आणि ती सोफ्यावर पडून शाबूत राहिली. दुसरी गालिच्यावर. युनिट वैतागलं. शेवटी स्पॉटदादांनी फरशीवर आपटून फोडली आणि आवाज नंतर जोडला. उरलेल्या फुलदाण्या तिने परत मागून घेतल्या, ग्लेझ करून पुन्हा भाजल्या आणि 'टीव्हीवर न फुटलेली' म्हणून विकल्या. त्या तिच्या सगळ्यात आधी संपल्या.

कॅफेवाल्यांबद्दल एवढंच सांगते. ते दोनशे मग मागतात आणि सगळे अगदी सारखे हवेत म्हणतात. आणि डिशवॉशरमध्ये चालायला हवेत, आणि फोटोत 'हँडमेड' दिसायला हवेत. घ्या किंवा नका घेऊ, पण आगाऊ रक्कम घ्या. आणि भट्टी लवकर उघडायला मला सांगू नका. थंड होताना 573 अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना बदलते, ते अचानक आकसतं. त्या टप्प्यावर घाई केली की भांड्याला तडा जातो. उद्या कॅफेचं उद्घाटन आहे हे क्वार्ट्‌झला कळत नाही.

आता पावसाळ्याचं. जूनपासून भांडी सुकत नाहीत, आणि वरून कोरडं वाटणारं भांडं आतून ओलं असतं. शंभर अंशांच्या पुढे त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं भट्टीतच फुटतं, शेजारच्यांच्या भांड्यांसकट. म्हणून पावसात मी प्रत्येक भांडं गालाला लावून बघते. गार लागलं की परत. त्यावरून भांडणं होतात, होऊ देत.

संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डरी आता दिवाळीतच सुरू होतात, आणि डिसेंबरची भट्टी त्यांनीच भरून जाते. ज्यांना शेल्फ हवं असेल त्यांनी दसऱ्याच्या आत नाव नोंदवा. काकांच्या बाटल्यांना सगळ्यात वरचं शेल्फ लागतं, ते आधीच गेलंय. मांजरं चालतील, ती कोपऱ्यात मावतात. आणि बुडाला नाव कोरा, नीट वाचता येईल असं. मला लागत नाही, पण गेल्या महिन्यात मी गावी होते तेव्हा माझ्या भाच्याने भट्टी उतरवली, आणि बोरिवलीच्या बाटल्या घाटकोपरला गेल्या.